मगवर रंग कुठे गडद, कुठे फिकट? आधी वापरलेला कागद बघा



मग प्रिंटिंगचा व्हिडिओ टाकल्यापासून सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. "सर, रंग एकसारखा येत नाही, टेम्परेचर किती ठेवू?" कुणी मगचा फोटो पाठवतं, कुणी प्रेसचा. मी उलट विचारतो, "वापरलेला कागद कुठाय?" उत्तर ठरलेलं असतं, "तो फेकला."

चोर कोण ते त्या कागदावर लिहिलेलं असतं आणि आपण तोच कचऱ्यात टाकतो. व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकलं होतं, म्हणून इथे सविस्तर सांगतोय. (एक गंमत. 'मग' हा शब्द या लेखात फक्त कपाच्या अर्थाने येईल. 'मग काय झालं' वाला मग टाळलाय, नाहीतर तुमचा आणि माझा दोघांचा गोंधळ.)

गेल्या शिवजयंतीच्या आधीचा प्रसंग सांगतो. आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या बाजूला, एक ताई घरातूनच हे काम करतात. प्रिंटर आणि प्रेस कर्ज काढून घेतलेला. एका मंडळाची ६० मगची ऑर्डर होती, अॅडव्हान्स आलेला, १९ फेब्रुवारीच्या आदल्या संध्याकाळी माल द्यायचा होता. डिझाइन शिवनेरीचं. मागे गडद निळं आकाश, पुढे किल्ला, सगळ्या मगला वळसा घालून. पहिले २० मग एकदम झकास निघाले. नवं खोकं फोडलं आणि बिघडायला सुरुवात झाली. मगच्या बुडाकडे दोन बोटं रुंदीचा पट्टा फिकट. निळं आकाश वर निळं आणि खाली राखाडी.

ताईंनी तेच केलं जे आपण सगळेच करतो. १८५ चे १९० केले, १९० चे २००. मधला भाग करपल्यासारखा तपकिरी व्हायला लागला आणि खालचा पट्टा फिकट तो फिकटच. ९ मग वाया गेल्यावर फोन आला. तेव्हा त्यांची खात्री झाली होती की लाइट कमी आहे, आणि त्या स्टॅबिलायझर घ्यायला निघाल्या होत्या.

म्हटलं, ताई, थांबा. आधी कचऱ्याचा डबा उपडा करा.

कागद काय सांगतो हे कळायला आत नेमकं काय घडतं ते माहीत पाहिजे. देवघरातल्या डबीतला कापूर बघा. वितळत नाही, ओला होत नाही, तरी वडी हळूहळू बारीक होत जाते. घन पदार्थाचा थेट वायू होतो. सब्लिमेशनच्या शाईतला रंग तोच खेळ करतो, फक्त त्याला खूप उष्णता लागते. बहुतेक छोट्या मग प्रेसवर १८० ते १९० अंश आणि १५० ते १८० सेकंद, पण तुमच्या शाईच्या आणि मगच्या सप्लायरने दिलेला आकडा पहिला धरा. कागदावरचा रंग वायू होतो, मगवर जो पॉलिमरचा थर दिलेला असतो तो उष्णतेने सैल पडतो, रंग त्यात शिरतो आणि थंड झाल्यावर आत अडकून बसतो. म्हणून साधा चहाचा कप चालत नाही. त्याला तो थरच नसतो.

आता नीट लक्ष द्या. प्रेस करून झाल्यावर कागदावर रंग फार थोडा उरायला पाहिजे, आणि सगळीकडे सारखा. बाकीचा मगमध्ये गेला. म्हणून गार झालेला कागद मगशेजारी सरळ पसरा आणि फिकट जागेसमोरचा कागद बघा.

तिथे कागदावर रंग अजून गडद असेल, तर तो रंग कागद सोडून निघालाच नाही. म्हणजे त्या जागी उष्णता पोचली नाही किंवा पॅड नीट टेकला नाही. मगचा काही दोष नाही, शाईचाही नाही.

तिथे कागद बाकीच्यासारखाच उतरलेला असेल आणि तरी मग फिकट असेल, तर रंग निघाला पण मगने घेतला नाही. अशा वेळी मगचा थर बघायचा, हाताचं तेल बघायचं, ओल बघायची. भजी खाऊन मग हाताळले की बोटांचे ठसे छापून येतात. हसू नका, माझे आलेत.

आणि प्रेस करायच्या आधीच प्रिंटवर आडव्या रेघा असतील, एखादा रंग गायब असेल, तर प्रेसकडे बघूच नका. नोझल चेक काढा. सब्लिमेशनची प्रिंट कागदावर मुळातच मरगळलेली दिसते, त्यामुळे हा दोष नजरेतून सुटतो. चांगल्या दिवशी काढलेली एक प्रिंट नमुना म्हणून भिंतीवर लावून ठेवा, तिच्याशी ताडून बघता येतं.

फिकट भागाची कडसुद्धा बघा. रंग कमी पण रेषा टोकदार, तर साधारणपणे उष्णता कमी पडलीय. रंग कमी आणि वर धूसर, पसरलेला, तर कागद आणि मगमध्ये फट राहिलीय. रंगाचा वायू त्या फटीत इकडेतिकडे फिरला आणि वाटेल तिथे बसला.

ताईंच्या डब्यात सहा कागद सापडले. सहाही कागदांवर खालच्या बाजूला दोन बोटांचा निळा पट्टा जसाच्या तसा. वरचा सगळा कागद उतरलेला. मगवर किल्ल्याच्या पायथ्याच्या रेषा धूसर. म्हणजे पॅड टेकत नव्हता. लाइट कमी असती तर अख्खा मग फिकट आला असता. व्होल्टेजला मगची खालची दोन बोटंच कशी सापडतील? स्टॅबिलायझरचे पैसे तिथेच वाचले.

पण पॅड का टेकत नव्हता? मगच्या खोक्याचा दोष की प्रेसचा? यासाठी एक फुकटची युक्ती आहे. मग उलटा घाला. कान प्रेसच्या फटीतच राहील, फक्त बूड वर आणि काठ खाली. कागदही अर्थात उलटा चिकटवायचा, आणि हे वाया गेलेल्या प्रिंटवर, रिजेक्ट मगच्या कोऱ्या राहिलेल्या जागेवर करा, चांगल्यावर नको. कागदावर पेन्सिलने बाण काढून ठेवा. डाग मगबरोबर फिरला, म्हणजे आताही बुडाकडेच आला, तर दोष मगचा. डाग प्रेसच्या खालच्या बाजूलाच राहिला, म्हणजे आता काठाकडे आला, तर दोष प्रेसचा. ताईंचा डाग काठाकडे आला.

दुसरी चाचणी गार प्रेसवर. साध्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. मग प्रेसमध्ये घालताना पॅड आणि मगच्या मध्ये पाच-सहा ठिकाणी पट्ट्या सोडा. वर, खाली, मधोमध, कानाच्या दोन्ही बाजूंना. हँडल आवळा आणि एकेक पट्टी ओढून बघा. सगळ्या सारख्याच घट्ट पाहिजेत. जी सुळकन बाहेर येते, तिथे तुमचा फिकट डाग आहे. ताईंच्या खालच्या दोन्ही पट्ट्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघाल्या.

तरी प्रश्न उरतोच. याच प्रेसवर पहिले २० मग चांगले कसे आले? याचं उत्तर शिवणाच्या दोऱ्याने दिलं. जुन्या खोक्यातल्या एका रिजेक्ट मगला दोरा गुंडाळून खूण केली, नव्या खोक्यातल्या मगला गुंडाळून खूण केली, दोन्ही पट्टीवर मोजल्या. ३ मिलिमीटरचा फरक. घेरात ३ मिलिमीटर म्हणजे व्यासात जवळपास १ मिलिमीटर. ११ औंसाचा मग म्हटला की साधारण ८२ मिलिमीटर व्यास धरतात, पण ही माती आहे, भट्टीत आकसते. प्रत्येक लॉट सारखा येईलच असं नाही. ताईंच्या पॅडची खालची कड रोज तसाच मग घालून घालून दबली होती. जाड मगला ती कशीबशी टेकत होती, बारीक मगला टेकेना. एकटा पॅड दोषी नव्हता, एकटं खोकंही नव्हतं. दोघांनी मिळून घोळ घातला होता.

म्हणून नवं खोकं फोडलं की पहिलं काम दोरा. फरक दिसला तर प्रेसचा स्क्रू फिरवून दाब परत बसवा. फार आवळू नका. हँडल एका हाताने पण थोडा जोर लावून बंद व्हावं, इतपत. दोन्ही हातांनी लोंबकळावं लागलं तर पॅड आणि मग दोन्ही तुटणार.

त्या संध्याकाळी नवा पॅड मिळणं शक्य नव्हतं. घोडेगावहून पुण्याला जाऊन यायचं म्हणजे दिवस गेला. ताईंनी स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि डिझाइनच्या कागदावरून, बाहेरच्या बाजूने, खालच्या कडेला साध्या कागदाची दोन पदरी पट्टी गुंडाळली, दबलेली जागा भरून काढायला. टेम्परेचर परत १८५. कागदाचे पदर वाढले की उष्णता पोचायला वेळ लागतो, म्हणून वेळ २० सेकंद वाढवला. पहिला मग काढला, कागद पसरला. तळापर्यंत उतरलेला. वाया गेलेल्या ९ मगच्या जागी तालुक्यातल्याच एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडून कोरे मग उसने आणले. त्यांनाही आधी दोरा लावला, हे सांगायला नको.

ही तात्पुरती मलमपट्टी होती. पॅड नंतर बदललाच. पॅडचं रबर हाताला कडक लागायला लागलं, सुरकुत्या पडल्या, जागोजागी चकाकायला लागलं की त्याचे दिवस भरले समजा. आणि पॅड आणि डिझाइनच्या कागदाच्या मध्ये बटर पेपर घालायची सवय लावा. नाहीतर आजच्या डिझाइनचा रंग पॅडला लागतो आणि उद्याच्या मगवर निळसर सावली बनून येतो.

आता लाइटचं. ताईंच्या प्रकरणात ती निर्दोष सुटली, पण दर वेळी सुटेलच असं नाही. आपल्याकडे वाड्यावस्त्यांवर संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं, त्यात मोटारी चालू असल्या की विचारू नका. हिशोब असा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला ३५० वॅट खेचणारा प्रेस १९० व्होल्टला साधारण २४० वॅटच खेचतो. व्होल्टेज सहाव्या हिश्श्याने पडलं, ताकद जवळपास तिसऱ्या हिश्श्याने गेली. स्क्रीनवर १८५ दिसतं, पण तो आकडा पॅडमधल्या सेन्सरच्या एका ठिपक्याचा असतो, मगचा नव्हे. गार मग घातला की पॅडची उष्णता मग ओढून घेतो आणि कमी ताकदीचा हीटर ती भरून काढेपर्यंत टायमर संपतो. काही प्रेसचा टायमर हँडल बंद करताक्षणी सुरू होतो, काहींचा टेम्परेचर परत वर आल्यावर. तुमचा कुठला, ते मोबाइलचं घड्याळ लावून एकदा बघून घ्या. पहिल्या प्रकारचा असेल तर संध्याकाळी वेळ वाढवावाच लागेल. प्लगमध्ये लावायचा छोटा व्होल्ट मीटर स्वस्तात मिळतो, तो स्टॅबिलायझरच्या आधी घ्या.

टेम्परेचर खरंच किती आहे हे बघायला इन्फ्रारेड गन चांगली. फक्त कोविडमध्ये कपाळाला लावायची घेतली होती ती नको. ती माणसाच्या तापापुरती. कारखान्यात वापरतात ती, ३०० अंशांच्या वर मोजणारी घ्या. पॅड तापल्यावर आतून पाच जागी मोजा. कडांना थोडं कमी येणारच, पण एखादी जागा बाकीच्यांपेक्षा १५-२० अंशांनी गार असेल तर तिथे डाग ठरलेला.

थंडीचं एक वेगळं प्रकरण आहे आणि जुन्नरकरांना ते जास्त भोवतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहा-बारा अंशांवर असतो. रात्रभर पत्र्याच्या खोलीत पडलेला मग तेवढाच गार. मे महिन्यात तोच मग ३२ अंशांवर असतो. सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा मग २० अंश जास्त तापवायला साधारण ६ किलोज्यूल उष्णता लागते. ३०० वॅटच्या हीटरला त्यासाठी निदान २० सेकंद लागतात, तेही सगळी उष्णता मगमध्येच गेली तर. म्हणून उन्हाळ्यात बसवलेलं सेटिंग थंडीत बुडाकडे फिकट पडतं. बुडाला माती जास्त असते, उष्णता तिथे आधी शोषली जाते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मग द्यायची ऑर्डर आली की हे हमखास घडतं, कारण नेमकी थंडी आणि नेमकी घाई. उपाय सोपा आहे. काम सुरू करायच्या आधी मग तासभर उन्हात ठेवा, धूळ पुसून घ्या. नाहीतर कागद न लावता मग प्रेसमध्ये ३०-४० सेकंद घालून कोमट करा आणि नंतर कागद चिकटवा. सकाळचा पहिला मग नेहमी फिकट येतो अशी तक्रार असते ना? प्रेस हाक मारतो तेव्हा फक्त पॅड तापलेला असतो. त्याला आणखी पाच-दहा मिनिटं द्या.

पावसाळ्यात उलटा त्रास. माळशेजकडची गावं असोत की डिंभ्याच्या वरची, जून ते सप्टेंबर भिंतींनाही पाणी सुटतं. कागद ओल पितो. प्रेसमध्ये त्या पाण्याची वाफ होते, ती कागद आणि मगच्या मध्ये अडकते आणि कागदाला जागोजागी उचलते. मगवर पट्टा येत नाही, ठिपके येतात, चट्टे येतात, ढगाळ दिसतं. फिकट पट्टा आला तर दाब बघा, चट्टे आले तर ओल बघा. कागदाचं पाकीट उघडं ठेवू नका. झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. प्रिंट निघाली की लगेच मगला गुंडाळू नका, दहा मिनिटं वाळू द्या.

कागदाला ओलीपासून जपायचं हे जुन्नरला मी काय सांगणार म्हणा. जुन्नर एकेकाळी हातकागदासाठी ओळखलं जायचं, कागदी लोकांची वस्ती होती इथे. 'जुन्नरी कागद' असं नावच होतं. असो.

कानाजवळच्या फिकट कडांबद्दल रोज विचारणा होते. तिथे एक गोष्ट मान्य करून टाका. पॅड मगला पूर्ण वेढत नाही. ८२ मिलिमीटर व्यासाच्या मगचा घेर २५७ मिलिमीटरच्या आसपास, आणि कानासाठी पॅडला जागा सोडावीच लागते. पॅडच्या कडेला उष्णता कमी आणि दाबही कमी. तुम्ही देवाला नारळ फोडला तरी कानाला लागून गडद रंग एकसारखा येणार नाही. हा बिघाड नाही, ही प्रेसची मर्यादा आहे, आणि ती डिझाइनमध्येच सांभाळायची असते. वर-खाली पाच-सहा मिलिमीटर कोरं सोडा, कानाकडे रंग विरत जाईल असं डिझाइन करा. शिवनेरीचंच घ्या. गडद आकाशाऐवजी पांढऱ्यावर किल्ल्याचं रेखाचित्र केलं तर थोडीफार कमीजास्त उष्णता दिसतसुद्धा नाही, आणि मला विचाराल तर दिसायलाही ते उजवं. २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. लेण्याद्री, ओझर, शिवनेरी करून जाणाऱ्या माणसाला आठवण म्हणून काहीतरी न्यायचं असतं. त्याच्यासाठी तुमचं पहिलं डिझाइन सगळ्यात अवघड कशाला?

गिऱ्हाईक गडद वळशाचंच मागत असेल तर एक मग करून दाखवा, कानाजवळची कड बोट ठेवून दाखवा, आणि भाव वेगळा सांगा. कारण बघा. समजा कोरा मग ९० ला पडला, शाई-कागद १०, डबा २०, आणि विक्री २२०. हातात राहिले १००. वाया गेलेला मग डब्यात जात नाही, पण १०० घेऊन जातो. एक मग बिघडला की एका चांगल्या मगची अख्खी कमाई गेली. ताईंचे ९ गेले होते.

वाया गेलेल्या मगवर तोच कागद परत लावून दुसऱ्यांदा प्रेस करायच्या भानगडीत पडू नका. रेषेवर रेष बसत नाही, दुहेरी सावली येते, आणि आधीचा भाग करपतो. आणि प्रेस उघडल्यावर हातमोजे घालून कागद लगेच, एका ओढीत काढा. तसाच ठेवला तर गरम मगवर रंग काम करतच राहतो, तेही कुठे जास्त कुठे कमी. गरम मग ओल्या फडक्यावर, गार फरशीवर किंवा एकमेकांना चिकटवून ठेवू नका. लाकडी फळीवर सुटे ठेवा.

ताई आता वापरलेला प्रत्येक कागद जपतात. मागे पेन्सिलने तारीख, वेळ, अंश, सेकंद, खोक्याचा नंबर. तारेला पिना लावून अडकवलेले असतात, रेशनच्या जुन्या पावत्यांसारखे. परवा गेलो तर म्हणाल्या, "सर, यातला सकाळचा कुठला आणि संध्याकाळचा कुठला ते मी आता न वाचता सांगते." मी दोन कागद उलटे धरले. दोन्ही बरोबर ओळखले.

तुमचा मग बिघडला असेल तर फोटो पाठवा, पण दोन. एक मगचा आणि एक कागदाचा. पुढच्या वेळी काळ्या मॅजिक मगचं बघू, त्याला उष्णता वेगळी लागते आणि त्याचे नखरेही वेगळे.